दुहेरी गाठ

बसा. त्या खुर्चीवर नको, ती मास्तरांची आहे. इकडे स्टुलावर बसा आणि पाय जरा आत घ्या, इस्त्रीची वायर जाते तिथून. सासूबाईंवर स्मरणिका काढताय म्हणालात. दोन पानं हवीत, एक फोटो हवा. फोटो देते. दोन पानंही सांगते, पण मध्येच थांबवून मला 'त्यांचं महान कार्य' वगैरे म्हणायला लावू नका. माझ्या सासूबाई कपडे धुवायच्या. जन्मभर तेच केलं त्यांनी. तुम्ही ज्याला कार्य म्हणता ते सगळं त्या कपड्यांतच होतं, आणि ते बुडवलं कोणी, तेही आज सांगणार आहे. छापायचं की नाही ते मग तुमचं तुम्ही ठरवा.

आधी आमचा धंदा समजून घ्या, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. कपडे आले की पहिलं काम खुणेचं. गळ्याच्या पट्टीच्या आतून, नाहीतर काठाला, दोऱ्याचे चार-पाच टाके घालायचे आणि शेवटी गाठ मारायची. प्रत्येक घराची खूण वेगळी. उभे तीन आडवे दोन म्हणजे बेकरीवाले. दोन फुल्या म्हणजे शाळेचा लिपिक. तुमच्या घरची सांगू? आडवे चार, उभा एक. तुमच्या आजोबांनी आमच्याकडे कपडे टाकणं बंद केलं होतं आणि अकरा वर्षांनी पुन्हा सुरू केलं. हसू नका, खरंच सांगते, सासूबाई अशा तारखा विसरायच्या नाहीत.

तर खूण घातली की कपडे सोड्याच्या पाण्यात भिजवून मोठ्या टोपात उकळायचे. त्याला आम्ही भट्टी म्हणतो. मग दगडावर आपटायचे, नीळ, खळ, वाळवण, इस्त्री, घडी. भट्टीत सगळे कपडे एकत्र असतात, बरं का. डॉक्टरांची चादर आणि खाटकाचा शर्ट एकमेकांच्या गळ्यात गळे घालून उकळत असतात. तिथं कोणाचं काही बिघडत नाही.

फक्त एका आळीचं बिघडायचं. ती आळी नाल्यापलीकडे. पूर्वीपासून त्यांची कामं काय, तर आमच्या सगळ्यांची घाण काढायची, आणि मग त्यांनाच आम्ही घाण म्हणायचं. त्यांचे कपडे आमच्या धंद्यातले बहुतेक लोक घ्यायचेच नाहीत. घेतलेच तर त्याला काळा दोरा, बाकी सगळ्यांना लाल. वेगळा टोप. आणि धुवायचे ते नदीला अगदी खालच्या अंगाला, म्हणजे त्यांचं पाणी आमच्या दगडाकडे यायला नको. दोन हात खाली धुतलं असतं तरी वाहतं पाणी उलटं वर येणार नव्हतं, पण जातीच्या बाबतीत माणसाची अक्कल गहाणच असते.

पन्नास वर्षांपूर्वी त्या आळीतला एक तरुण शाळेत मास्तर झाला. पांढरा शर्ट, एकच. शाळेच्या लिपिकाला त्याची दया आली असेल, त्यानं आपल्या कपड्यांच्या बोचक्यात मास्तरांचा शर्ट घालून द्यायला सुरुवात केली. आमच्याकडे सगळ्यांना वाटायचं, लिपिकाचाच शर्ट. दोन फुल्या, लाल दोरा. असं वर्षभर चाललं. एक दिवस लिपिक तापानं झोपला आणि शर्ट न्यायला मास्तर स्वतः आले. सासऱ्यांनी, म्हणजे आमच्या मामंजींनी, सहज विचारलं, "कुठं राहता?" मास्तर खोटं बोलले नाहीत. म्हणाले, "नाल्यापलीकडे."

मामंजींनी शर्ट काठीनं उचलला आणि रस्त्यावर टाकला. मग ओरडले, टोप राखेनं घासा, भट्टी बाटली!

सासूबाई मागून हात पुसत आल्या. सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या असतील. रस्त्यावर गेल्या, शर्ट उचलला, दोन्ही हात नवऱ्यासमोर धरले आणि म्हणाल्या, "वर्षभर धुतलाय मी हा शर्ट. बघा, झडले का माझे हात?"

सासूबाईंनी मास्तरांना सांगितलं, "चिखल लागलाय, परत धुऊन देते. संध्याकाळी या." मास्तर म्हणाले, "बाई, राहू द्या, तुम्हाला त्रास होईल." तर ह्या म्हणतात, "त्रास तर लग्न झाल्यापासून आहेच, हा काय खुर्चीत बसलाय." अशी जीभ होती बाईची! संध्याकाळी मास्तर आले. तेव्हा त्यांना बसायला दिली ती ही खुर्ची.

पुढचं तुम्हाला ऐकून माहीत असेल. धंद्यातली थोरली मंडळी जमली. त्यांनी सांगितलं, माफी माग, टोप फोडून नवा आण, आणि त्या मास्तराला दारात उभा करू नकोस. सासूबाई त्यांच्यापुढे उभ्या राहून म्हणाल्या, "आपण लोकांच्या मळक्या चड्ड्या धुणारे. वरच्यांच्या उंबऱ्याच्या आत आपल्याला कोणी घेत नाही. आणि आपण अजून आपल्या खाली कोण आहे ते शोधत बसलोय? लाज वाटत नाही?" लाज कोणाला वाटायची! उंदराला मांजर साक्ष, सगळे एका माळेचे मणी. त्यांनी नदीवरचा आमचा दगड काढून घेतला. चार पिढ्यांचा दगड होता. नऊ वर्षं, अंगणात नळ येईपर्यंत, ह्या घरानं गावच्या नळावरून डबे भरून आणले आणि अंगणात कपडे आपटले. मामंजी चार वर्षं बायकोशी बोलले नाहीत, पण डबे तेच उचलायचे. न बोलता भरायचे आणि न बोलता ओतायचे.

सासूबाई नाल्यापलीकडच्या सगळ्यांचेच कपडे त्याच टोपात, लाल दोऱ्यानं घ्यायला लागल्या. गिऱ्हाइकं तुटली. लोक सासूबाईंना 'बाटगी' म्हणायला लागले. ह्या कोणाच्या दारात गेल्या की आधी आपणच ओरडायच्या, "बाटगी आलीय, दार उघडा!" आमची सगळी आळी हसायची. पण घरात हसण्यासारखं काही उरलेलं नव्हतं. माझी नणंद मोठी झाली, तिचं लग्न ठरलं, तेही ह्याच्यापायी मोडलं. मुलगा चांगला होता, तिला आवडलाही होता. पुढे तिनं कधी लग्न केलं नाही. परगावी नर्स झाली आणि तिकडेच राहिली. सासूबाई दर महिन्याला तिला पत्र लिहायच्या, म्हणजे मास्तरांकडून लिहून घ्यायच्या. उत्तर वर्षातून एखादं, तेही दोन ओळींचं. पोस्टमन गेला की सासूबाई मला विचारायच्या, "पत्र आलं का गं?" मी नाही म्हटलं की, "येईल, येईल," म्हणून इस्त्री उचलायच्या.

मी या घरात आले तीस वर्षांपूर्वी. माझी आई म्हणालीच होती, बाटलेल्या घरात देतोय तुला, पण काय करणार, दुसरं कोणी विचारत नव्हतं. आल्या दिवशी सासूबाईंनी माझ्या हातात दोऱ्याचं रीळ ठेवलं. म्हणाल्या, "लाल आहे. या घरात दुसरा रंग नाही, आणायचा पण नाही." मी मनात म्हटलं, ही काय बाई आहे, सुनेला रीळ देते! पण ते रीळ संपलं की त्याच रंगाचं दुसरं, असं मीही चालवत गेले. दर आठवड्याला नाल्यापलीकडचे धुतलेले कपडे पोचवायला त्या स्वतः जायच्या. तिथं बसायच्या, गप्पा मारायच्या, चहा घ्यायच्या. मला कधी "चल" म्हणाल्या नाहीत. मीही कधी "येते" म्हटलं नाही.

मग हळूहळू वारं फिरलं. जे शिव्या घालत होते त्यांचीच मुलं सासूबाईंना कार्यक्रमाला बोलवायला लागली. ती भिंतीवर पाटी आहे ना, 'एकच भट्टी', तुमच्याच समितीनं दिलेली. सासूबाई म्हणाल्या होत्या, "पाटी कशाला? दगड परत द्या म्हणावं." दगड काही मिळाला नाही.

शेवटच्या सहा-सात वर्षांत त्यांना दिसेनासं झालं. मोतीबिंदू, एका डोळ्याचं ऑपरेशन फसलं, दुसऱ्याचं त्या करू देईनात. पण बसून राहतील तर शपथ! वाळलेले कपडे त्यांच्यापुढे टाकले की बोटांनी खुणा वाचायच्या आणि घराघराचे गठ्ठे लावायच्या. उभे तीन, आडवे दोन... बेकरीवाले. एकही चूक नाही. मास्तर निवृत्त झाले होते, तरी दर शनिवारी शर्ट घेऊन यायचे, ह्या खुर्चीत बसायचे. शर्ट नाकाजवळ नेऊन म्हणायचे, "काय धुतलाय! एकाच भट्टीची कमाल." आणि ह्या हसून म्हणायच्या, "असं म्हणता?" दोन म्हाताऱ्यांचा तो ठरलेला खेळ होता.

आता माझं ऐका.

घरोघरी मशिनं आली. कपडे येईनात. आमचे हे रोज दुकानाचं शटर ओढताना म्हणायचे, आणखी सहा महिने, मग बंदच करू. तेवढ्यात नव्या हॉटेलचा मॅनेजर आला. चादरी, टॉवेल, पडदे, रोजचं काम. फार गोड बोलायचा. सगळं ठरलं आणि जाताना म्हणाला, "एक सांगू का वहिनी? त्या नाल्याकडचे कपडे आमच्यात मिसळू नका. जातपात मी मानत नाही हं. स्वच्छतेचा प्रश्न आहे." खाटकाच्या शर्टाबद्दल काही बोलला नाही तो. म्हणजे स्वच्छता कसली ते मला कळलं होतं. कळूनही मी "हो" म्हटलं. एक अक्षर वर नाही, एक अक्षर खाली नाही. हो.

मागच्या अंगणात लाकडांच्या आडोशाला मी दुसरा टोप मांडला. सासूबाईंना सांगितलं, लोकरीच्या कपड्यांसाठी आहे. आता कपडे ओळखायचे कसे? काळा दोरा आणायला मला लाज वाटली. म्हणजे बघा, लाज दोऱ्याची वाटली, करण्याची नाही. काळा दोरा आमच्या ह्यांना दिसला असता, मास्तरांना दिसला असता. म्हणून मी युक्ती काढली. दोरा लालच, खूण तीच, फक्त शेवटी एकाऐवजी दोन गाठी. कोणाला दिसायचं नाही.

डोळ्यांना दिसायचं नाही! मूर्खासारखी मी हे विसरले की जिला दिसत नाही तिच्या हाताला गाठच पहिल्यांदा लागते. घरात एकच माणूस खुणा बोटांनी वाचत होतं आणि मी चोरून ठेवलेली गोष्ट नेमकी त्याच बोटांखाली नेऊन ठेवली. इतकी वर्षं धंद्यात काढून ही माझी हुशारी.

पंधरा दिवस गेले असतील. दुपारची वेळ, मी इस्त्री करत होते. सासूबाईंपुढे गठ्ठा होता. मास्तरांचा शर्ट त्यांच्या हातात आला. मास्तरांची खूण अजून लिपिकासारखीच, दोन फुल्या, फक्त शेजारी एक टाका जास्त. बोटं खुणेवरून गेली आणि थांबली. मागे आली. पुन्हा गेली. मग त्यांनी शर्ट बाजूला ठेवला, गठ्ठ्यातून दुसरा कपडा काढला, तिसरा काढला. मी बघत होते. इस्त्रीखालची चादर करपली तेव्हा मी भानावर आले.

"सूनबाई, ही दुहेरी गाठ कशाची?"

"दोरा कमी पडला आई. जोडला होता."

"सगळ्यांनाच?"

"हो."

"अस्सं," त्या म्हणाल्या. आणि शर्टाची घडी घातली.

बस्स. एवढंच बोलणं झालं. मी वाट बघत होते, आता बोलतील, मग बोलतील. ज्या बाईनं भरल्या सभेत म्हाताऱ्यांची लाज काढली ती मला का सोडेल? तोंडात मारलं असतं तरी मी घेतलं असतं, खरं सांगते. पण त्या बोलल्या नाहीत. दोन दिवसांनी म्हणाल्या, "सुईत दोरा ओवून दे गं. बटण निघालंय." म्हटलं, द्या, मी लावते. तर, "अजून बोटं आहेत मला." मी ओवून दिला. दोन दिवसांनी पुन्हा. आठवड्यात चार-चार वेळा. मी एकदा वैतागून म्हटलं, "अहो आई, तुमच्या कपड्यांना बटणं आहेत तरी किती?" तर हसल्या. "म्हातारीची बटणं फार निघतात बाई."

आणि त्यांनी आपले कपडे भट्टीत टाकणं बंद केलं. मला म्हणाल्या, "माझे त्या लोकरीच्या टोपात टाकत जा."

"तुमचे कुठं लोकरीचे आहेत?"

"म्हातारीला ऊब लागते."

मला कळलं नाही असं आता म्हणू? कळलं होतं. न कळल्यासारखं केलं. झोपेचं सोंग घेतलेल्याला कोण जागं करणार! आमच्या ह्यांनीही तो टोप बघून न बघितल्यासारखं केलं. घर चाललं होतं, झाकली मूठ होती, उघडायची कोणी? पाच महिने सासूबाईंचे कपडे नाल्यापलीकडच्या कपड्यांबरोबर उकळले. ते मी माझ्या हातानं ढवळले.

त्या गेल्या त्या साध्या सर्दीचं निमित्त होऊन. चार दिवसांचा ताप. शेवटच्या दुपारी मी पाणी पाजत होते. त्यांनी माझा हात धरला, बोटं माझ्या बोटांवरून फिरवली, सुईनं टोचलेल्या जागा चाचपल्या. मला वाटलं, आता म्हणतील. म्हणाल्या, "पत्र आलं का गं?" मी म्हटलं, "येईल आई." त्यानंतर त्या बोलल्या नाहीत.

शेवटी अंगावर घालायचे कपडे त्यांनी केव्हापासून वेगळे काढून ठेवले होते, वरच्या फळीवर, कागदात गुंडाळून. मीच घातले त्यांना. घाईत, रडत. गळ्याशी बटण लावलं. आतून हात फिरवून बघितलं नाही.

चौथ्या दिवशी तुमची सभा. तुम्ही होतात ना? मला पहिल्या रांगेत बसवलंत. नणंद आली होती, पंचवीस वर्षांनी. केस पांढरे झालेले. माझ्या शेजारी बसली. एकेक जण उठून सासूबाईंचं गुणगान गात होता. ज्यांच्या बापांनी आमचा दगड उचलला तेही होते. नणंद माझ्या कानाशी लागून म्हणाली, "वहिनी, एक विचारू? माझं तर सगळं त्यात गेलं. आईवर फार राग धरला मी. पण भट्टी अजून एकच आहे ना गं?"

मी म्हटलं, "हो."

तिनं डोळे पुसले. म्हणाली, "मग ठीक आहे." तेवढ्यात माझं नाव पुकारलं. मी माईकपुढे गेले आणि काय बोलले तुम्हाला माहीत आहे, तुम्ही टाळ्या वाजवल्यात. म्हणाले, आजही आमच्याकडे सगळ्यांचे कपडे एकाच भट्टीत उकळतात, आणि उकळत राहतील. तिसऱ्या रांगेत मास्तर बसले होते. सगळे माझ्याकडे बघत होते, मास्तर आपल्या हातांकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी नणंद गेली. आईची आठवण म्हणून काहीतरी द्यावं असं माझ्या मनात होतं, पण ती घाईत निघाली. तिच्यामागे मी सासूबाईंची पेटी उघडली. वरचा कपडा उचलला आणि सवयीनं बोट गळपट्टीच्या आत गेलं. आम्हाला कोणाचाही कपडा हातात आला की बोट तिथंच जातं. दुहेरी गाठ. दुसरा उचलला. गाठ. घरातले, बाहेरचे, रुमाल, पांघरूण, थंडीतला स्वेटर. आमच्या घरच्या कपड्यांना कधी खूण नसते, घरचेच ते, कशाला लागते? आता प्रत्येकाला होती. टाके वेडेवाकडे, एकावर एक चढलेले. काही ठिकाणी बाजूला तपकिरी ठिपका. सुई बोटात गेली असणार. न दिसणाऱ्या बाईनं, मी ओवून दिलेल्या दोऱ्यानं, एकेक कपडा नाल्यापलीकडे नेऊन ठेवला होता. मामंजींचा एक जुना शर्ट ठेवला होता पेटीत तळाशी. त्यालाही गाठ. मेलेल्या नवऱ्यालाही सोबत घेतलं बाईनं.

मग माझ्या लक्षात आलं ते वरच्या फळीवरच्या कपड्यांचं. जे मी माझ्या हातांनी घातले. त्यांना गाठ नसेल असं कसं होईल? ती घेऊनच गेल्या त्या. अहो, मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. त्या पेटीशी बसून मी मोठ्यानं ओरडले, "बोलायचं होतं ना मला! शिव्या द्यायच्या होत्या!" हे धावत आले. त्यांना कपडे दाखवले. ते भिंतीला टेकून खाली बसले आणि पोरासारखे रडले.

त्याच दिवशी दुसरा टोप आम्ही मोडला. मॅनेजरला बोलावून सांगितलं, एकत्र चालत असेल तर द्या, नाहीतर तुमच्या चादरी घेऊन जा. त्यानं चादरी नेल्या. शटर आता किती दिवस उघडतंय माहीत नाही. ते जाऊ द्या.

शनिवारी मास्तर आले. खुर्चीत बसले. समोरची सासूबाईंची जागा रिकामी, तिकडे बघत नव्हते. मी त्यांच्यापुढे उभी राहिले. म्हटलं, "मास्तर, मला काही सांगायचंय."

"गाठीचं?" ते म्हणाले.

मी मान हलवली.

"पहिल्याच आठवड्यात कळलं मला," मास्तर म्हणाले. शांत आवाज, वर्गात शिकवत असावेत तसा. "माझ्या शर्टाला दोन गाठी. शेजारच्याच्या शर्टाला दोन. लिपिकाच्या मुलाला विचारलं, त्याच्या शर्टाला एकच. मी काळा दोरा बघत वाढलोय, बाई. मला काय शिकवायचं त्यातलं?"

"मग येत का राहिलात? फेकायचे होते माझ्या तोंडावर शर्ट!"

"मी यायचा थांबलो असतो तर त्यांनी विचारलं असतं, मास्तर का येत नाहीत? काय सांगितलं असतं मी? नवरा चार वर्षं बोलला नाही, मुलगी गेली ती गेली. सगळं घालवून त्या बाईकडे एवढी एकच गोष्ट उरली होती. दिसत नव्हतं ते बरंच झालं म्हटलं. तसंच जाऊ दे त्यांना."

"त्यांना माहीत होतं, मास्तर," मी म्हटलं. "तुमच्याच शर्टाला लागली त्यांना गाठ. पाच महिने माहीत होतं."

मास्तर माझ्याकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "दर शनिवारी मी म्हणायचो, एकाच भट्टीची कमाल. आणि त्या हसायच्या."

मी पेटीतला एक कपडा त्यांच्या हातात दिला. त्यांनी बोटानं ती गाठ चाचपली, चष्मा काढला आणि कपडा तोंडावर धरला. इतका म्हातारा माणूस इतक्या मोठ्यानं रडताना मी कधी पाहिला नव्हता. मला त्यांच्या पाठीवर हात ठेवायचा होता. ठेवला नाही. कुठल्या हातानं ठेवणार?

उठताना मी म्हटलं, "टोप मोडला मास्तर. आता एकच आहे. खरंच एकच."

"चांगलं केलंत," ते म्हणाले.

"शर्ट ठेवून जा ना."

"नको. सून आहे घरी. मशीन घेतलंय आम्ही दोन वर्षांपूर्वीच." दोन वर्षं घरात मशीन होतं आणि हा माणूस दर शनिवारी काठी टेकत शर्ट घेऊन येत होता! पिशवी उचलून ते गेले. रागावून नाही. रागावले असते तर मागे धावले असते मी.

तीन शनिवार झाले. ही खुर्ची तशीच आहे. त्यांचा एक शर्ट आधीचा माझ्याकडे राहिलाय, तो बघा, फळीवर. गाठी सोडवल्या, पुन्हा धुतला, इस्त्री केली. काय म्हणता, 'मी त्याच बाजूला जातोय, देऊ का?' नको. हे माझं काम आहे. नाला ओलांडला की तिसरं घर, असं सासूबाई सांगायच्या. शंभर पावलं असतील. तीस वर्षांत मी एकदाही पलीकडे गेलेले नाही. रोज सकाळी शर्ट काढते, पिशवीत घालते, नाल्यापर्यंत जाते आणि परत येते. काल पुलावर पाय ठेवला होता. पलीकडच्या नळावर एक बाई पाणी भरत होती, तिनं ओळखलं मला. म्हणाली, "या की." मी म्हटलं, "उद्या येते." आणि घरी येऊन शर्ट परत फळीवर ठेवला.